वडाच्या पाड्याचा टँकर

जव्हारला लोक पावसाळ्यात जातात, धबधबे बघायला. आम्ही गेलो मे महिन्यात, आणि मी तिथे जे पाहिलं त्यातलं निम्मंअधिक एका पाण्याच्या टँकरच्या काचेतून पाहिलं. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे दाभोशाच्या धबधब्याचं वर्णन शोधणाऱ्यांची निराशा व्हायची नाही.

माझं बार्शीला डिझेल गाड्यांचं गॅरेज आहे. धाकटी मेहुणी शैला लग्न होऊन जव्हारला गेली, त्याला वीस वर्षं झाली. तिच्याकडे एकदा तरी आठ दिवस निवांत राहायचं, हा माझ्या बायकोचा जुना हट्ट. मला नुसतं बसून राहणं जमत नाही हे ती जाणून आहे. म्हणून शैलाने फोनवर सांगितलेली एक गोष्ट तिने निघेपर्यंत माझ्यापासून लपवून ठेवली. शैलाच्या नवऱ्याचा टँकर शिमग्यापासून चढ चढत नव्हता आणि दोन मिस्त्री हात टेकून गेले होते. मला आधी कळलं असतं, तर मी कपड्यांऐवजी पाने भरले असते.

नाशिकवरून त्र्यंबक आणि पुढे तोरंगणचा घाट. आमच्या बार्शीत चढ म्हणजे रेल्वेचा पूल. इथे रस्ता सरळ असा नाहीच. एक वळण संपतं तिथेच दुसऱ्याचा उतार लागतो. डोंगर उन्हाने करपलेले, सागाची झाडं निष्पर्ण, आणि शेताशेतातून काळे चौकोन दिसत होते, जणू कोणी जमिनीला ठिगळं लावलीत. मला वाटलं वणवा लागून गेला असेल. एसटीत शेजारी बसलेल्या एका बाईंनी सांगितलं, तो राब. भाताचं आणि नागलीचं, म्हणजे नाचणीचं, रोप टाकायच्या आधी तेवढा तुकडा पालापाचोळा घालून भाजून घेतात. आमच्याकडे काळं रान देवच देतो; इथे माणसांना ते हाताने करावं लागतं, असं माझ्या मनात आलं.

जव्हार

माझा साडू सुधाकर याचं बाजारपेठेत किराणा दुकान आहे आणि उन्हाळ्यात तो पाड्यांना पाणी पुरवायला टँकर लावतो. माणूस सरळ, बोलायला मोकळा. पहिल्या रात्री जेवायला नागलीची भाकरी होती. ज्वारीच्या भाकरीवर वाढलेल्या माणसाला तिचा रंगच आधी बुजवतो, पण सुकटीच्या चटणीबरोबर मी तीन खाल्ल्या. बायकोने मोजल्या.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सुधाकर आम्हाला शिरपामाळावर घेऊन गेला. महाराजांचा मुक्काम पडला होता ती जागा. वर भगवा, खाली दऱ्यांवर दऱ्या, आणि मे महिन्यातही शाल घ्यावीशी वाटेल असा वारा. बायका फोटो काढत होत्या. आम्ही दोघं एका दगडावर बसलो आणि सुधाकरने टँकरचा विषय काढला. पण बोलला तो ड्रायव्हरबद्दल.

ड्रायव्हरचं नाव काशिनाथ. आठ वर्षं त्याच्याकडे होता. लग्नाआधी तो प्यायचा, मग सोडली होती. शिमग्यानंतर पुन्हा सुरू झाली, असं सुधाकरचं म्हणणं. एकदा भर दुपारी तो रस्त्याकडेला स्टिअरिंगवर डोकं ठेवून झोपलेला सापडला, खाली ओकारी. गेल्या आठवड्यात दोन खेपा चुकवल्या. त्यात गाडी ओढत नाही, म्हणून अर्धी टाकीच न्यायची. सोमवारपासून विक्रमगडहून दुसरा ड्रायव्हर येणार होता. हे सगळं सुधाकरने रागाने सांगितलं नाही, उलट जरा दुःखानेच सांगितलं.

मी म्हटलं, मला गाडी बघू दे. तो गुरुवार होता.

वडाच्या पाड्याची वाट

शुक्रवारी सकाळी मोखाड्याच्या अलीकडे, एका धरणाच्या खालच्या विहिरीवर टँकर भरत होता तिथे मी पोहोचलो. काशिनाथ चाळिशीचा, काटक, गळ्यापर्यंत बटणं लावलेला शर्ट. मी कोण ते सांगितल्यावर त्याने नुसती मान हलवली आणि क्लीनरच्या बाजूचं दार उघडून दिलं. गाडी जुन्या धाटणीची, सहा चाकी. इंजिन केबिनच्या आतच, दोघांच्या मधोमध, वर लोखंडी झाकण आणि त्यावर घडी घातलेली घोंगडी.

डांबरी रस्ता संपल्यावर चार किलोमीटरचा कच्चा चढ आहे. टाकी अर्धीच होती, तरी दुसऱ्या वळणावर गाडी पहिल्या गिअरवर आली. मी काच खाली करून डोकं बाहेर काढून बसलो होतो. मागे काळ्या धुराचा लोट, आणि काशिनाथने पाय दाबला की कुठूनतरी सूंऽऽ असा आवाज. पाय काढला की आवाज बंद.

ज्यांचा गाड्यांशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. टर्बो म्हणजे एकाच दांड्यावरची दोन चाकं. इंजिनातून बाहेर पडणारा जळका वायू एका चाकाला फिरवतो. त्याबरोबर दुसरं फिरतं आणि बाहेरची हवा दाबून इंजिनात भरतं. हवा जास्त, तर डिझेल नीट जळतं आणि ताकद मिळते. ही दाबलेली हवा वाटेत कुठे निसटली, तर डिझेल तेवढंच पडतं पण जळत नाही. मग काळा धूर आणि ताकदीच्या नावाने शून्य. आधीच्या दोन मिस्त्रींनी डिझेलचा फिल्टर बदलला होता, पंप खोलला होता, आणि दुसऱ्याने नवीन टर्बो घ्यायला सांगितला होता. हवा कुठे जाते हे कोणी बघितलं नव्हतं.

वडाचा पाडा म्हणजे पंचवीस-तीस घरं, कुडाच्या भिंती, वर कौलं. टँकर येताना दिसला तशा बायका हंडे घेऊन विहिरीकडे निघाल्या. इथे टँकरचं पाणी थेट हंड्यात देत नाहीत. ते गावच्या कोरड्या विहिरीत सोडतात आणि मग प्रत्येकजण दोर टाकून शेंदून घेतं. आमच्याकडे टँकर आला की नळीसाठी भांडणं होतात. इथे पाणी आधी विहिरीचं होतं, मग माणसांचं. मला ते पटलं.

नळी बंद झाल्यावर एक म्हातारी काठावर वाकून खाली बघत राहिली. मग माझ्याकडे वळून अगदी शांतपणे म्हणाली, "अर्धा टँकर म्हंजे अर्ध्या पाड्याला पानी. कोनता अर्धा, ता तुमी सांगा."

काशिनाथ टायरकडे बघत उभा होता.

मोखाडा

परत मोखाड्यात आलो आणि रस्त्याकडेच्या टायरच्या दुकानात गाडी लावली. दुकानवाले चाचा वयस्कर, फार न विचारता काय हवं ते देणारे. त्यांच्याकडे हवेचा कॉम्प्रेसर होता, आणि मला तेवढंच पाहिजे होतं.

आधी हवेचा फिल्टर काढून टर्बोचं चाक बोटाने फिरवलं. दांड्याला किंचित हालचाल होती, पण तेवढी असतेच. चाक कुठे घासत नव्हतं. टर्बो चांगला होता. मग प्लंबरच्या दुकानातून प्लॅस्टिकच्या पाइपचं एक बूच आणलं, त्याला भोक पाडून ट्यूबलेस टायरचा वॉल्व्ह बसवला आणि ते बूच टर्बोच्या तोंडाच्या रबरी पाइपात क्लिपने आवळलं. मी सांगितलं तेवढीच हवा चाचांनी सोडली, सायकलच्या चाकात असते त्याहूनही कमी. जास्त दाब दिला तर चांगले जोडही उडतात. मग शांपूची दोन पाकिटं पाण्यात घोळून एकेका जोडावर ओतत गेलो.

रेडिएटरच्या पुढे हवा थंड करणारी जाळी असते, इंटरकूलर. तिच्याकडे जाणाऱ्या जाड पाइपाखाली फेस एकदम उसळला. वरून पाइप धडधाकट दिसत होता. खालच्या बाजूला, एका लोखंडी पट्टीवर घासून घासून, बोटभर चीर पडली होती. गाडी उभी असताना तिचे ओठ मिटलेले. दाब आला की उघडायची. मी काशिनाथला हात लावायला सांगितलं. हवेची झुळूक त्याच्या तळव्यावर लागली तसा तो पहिल्यांदा किंचित हसला.

जव्हारहून नवीन पाइप आला, पट्टी ठोकून बाजूला वाकवली. संध्याकाळी मी सुधाकरला फोन केला आणि म्हटलं, उद्या टाकी काठोकाठ भरून पाठव. त्या आवाजात जरा जास्तच रुबाब होता, हे आता कबूल करतो. घरी शैलाने आमरस केला होता. बायको म्हणाली, झालं ना एकदाचं, आता तरी बसा. मी बसलोही. पण एक साधी गोष्ट मी तपासली नव्हती. दोष एक सापडला म्हणजे दोष एकच आहे, असं धरून चाललो होतो. गॅरेजमधल्या नव्या पोरांना मी नेमकं हेच करू नका म्हणून सांगत आलोय.

चढ

शनिवारी टाकी पूर्ण भरली. गाडी खरोखरच सुधारली होती. जिथे काल पहिला गिअर लागला तिथे ती आज दुसऱ्यावर गेली. धूर कमी झाला होता, पण गेला नव्हता. बारीक शिट्टीसारखा आवाजही उरला होता. नवीन पाइप आहे, बसेल, असं मी स्वतःला सांगितलं.

पुढे माणसांनी भरलेली एक जीप चालली होती. तिची तांबडी धूळ थेट केबिनमध्ये यायला लागली, तेव्हा काशिनाथने त्याची काच वर केली. मीही केली. आदल्या दिवशी आवाज ऐकायचा म्हणून मी सगळा चढ डोकं बाहेर ठेवून बसलो होतो. आज आत बसलो.

दहा-पंधरा मिनिटांनी कपाळ जड वाटायला लागलं. वाटलं, ऊन. मग कानशिलं ठणकायला लागली, आणि समोरचं वळण जरा लांब गेल्यासारखं दिसलं. मी काशिनाथकडे पाहिलं. त्याचा हात गिअरच्या दांड्यावर होता, डोळे रस्त्यावर होते, पण गिअर तो बदलत नव्हता. इंजिन घुटमळलं आणि बंद पडलं. दहा हजार लिटर पाणी पाठीवर घेऊन गाडी हळूच मागे सरकायला लागली.

मी त्याला नावाने हाक मारली. मोठ्याने मारली असणार, कारण तो दचकला आणि दोन्ही पायांनी ब्रेकवर उभा राहिला. गाडी थांबली. उतरून बघितलं तेव्हा मागचं चाक कडेपासून दोन हातांवर होतं. कडेखाली करवंदीची जाळी होती आणि तिच्याखाली काही नव्हतं. आम्ही दोघांनी मिळून चाकांमागे धोंडे लावले. मग काशिनाथ रस्त्याकडेला बसून ओकला.

त्या क्षणी मी काय केलं ते सांगायला हवं. त्याला पाणी दिलं, आणि देताना खाली वाकून त्याच्या तोंडाचा वास घेतला. चहाचा वास होता. त्याच्या ते लक्षात आलं. अशी माणसं वाकताना त्याने दोन-अडीच महिन्यांत पुष्कळ पाहिली असावीत.

मग मीही त्याच्यापासून चार पावलांवर बसून ओकलो. सकाळपासून माझ्या पोटात पोहे आणि चहा यांखेरीज काही नव्हतं. तिथे, धुळीत बसल्या बसल्या, माझ्या डोक्यात उजेड पडला.

मी त्याला विचारलं, हे कधीपासून होतंय.

"शिमग्यापासून," तो म्हणाला. "चढावर होते. उतरताना नाय. काच बंद केली का जास्त."

"सुट्टीच्या दिवशी?"

"सुट्टीला नाय होत."

"हे कोणाला सांगितलं नाही?"

"सांगला ना. शेठला सांगला, घरी सांगला. बोलतात, पितोस म्हनून डोका दुखते." तो पुढे म्हणाला, "मंग मलाच वाटाय लागला, का मी खराच पितो का काय."

आधीच्या मिस्त्रींनी गाडीला विचारलं होतं, आणि मीही. ड्रायव्हरला कोणी विचारलं नव्हतं.

इंजिन निवल्यावर घोंगडी उचलली, झाकण उघडलं. झाकणाच्या कडेचं रबर झिजून तुटलं होतं. आत, जिथे इंजिनाचा जळका वायू गोळा होऊन टर्बोकडे जातो त्या ओतीव लोखंडाच्या नळकांड्यावर, मॅनिफोल्डवर, पत्र्याचं एक आवरण होतं. ते सोडवल्यावर दिसलं. शेवटच्या जोडाशी, पंखा उघडावा तशी काळीभोर काजळी पसरलेली. जोड धरून ठेवणाऱ्या दोन बोल्टांपैकी एक आतच मोडलेला. टर्बोला फिरवायचा वायू टर्बोपर्यंत पोहोचण्याआधीच इथून फुटत होता. म्हणून ताकद कमी. आणि तोच विषारी वायू तुटक्या रबरातून केबिनमध्ये येत होता. उतारावर इंजिनावर जोर नसतो, म्हणून तेव्हा त्रास नाही. सगळं जागच्या जागी बसत होतं.

काजळीला बोट लावून मी ते काशिनाथपुढे धरलं. म्हटलं, हे तू पितोस. शिमग्यापासून.

त्यानेही काजळीला बोट लावून बघितलं.

दोन्ही काचा आणि दोन्ही दारं उघडी टाकून, माणसाच्या चालीने, थांबत थांबत आम्ही पाणी पाड्यावर पोहोचवलं. टाकी पूर्ण होती. ती म्हातारी विहिरीवर होतीच. तिने मला ओंजळभर करवंदं दिली. आंबटगोड, हाताला चिकटणारी. मळमळ थांबायला त्याहून चांगलं औषध मला आजवर मिळालेलं नाही.

पुन्हा मोखाडा

मी चुकलो होतो, तेव्हा आता शंका ठेवायची नव्हती. चाचांनी ओळखीच्या लोहाराकडून भट्टीचा विजेचा ब्लोअर आणून दिला. सायलेन्सरच्या तोंडाशी तो ओल्या फडक्याने गुंडाळून लावला आणि थंड इंजिनात उलट्या बाजूने हवा सोडली. सगळ्या जोडांवर पुन्हा शांपूचं पाणी. मोडक्या बोल्टाशी फेस आला, तो अपेक्षितच होता. त्याच्या शेजारच्या जोडालाही बारीक बुडबुडे आले. ब्लोअर नसता तर तो तसाच राहिला असता.

रविवारचा सगळा दिवस त्यात गेला. मॅनिफोल्ड उतरवला. मोडक्या बोल्टाच्या टोकावर नट वेल्डिंगने चिकटवून, गरम असतानाच हळूहळू फिरवून तो बाहेर काढला. अशा वेळी श्वास रोखून धरायची सवय मला तीस वर्षांनंतरही आहे. मॅनिफोल्डची बाजू किंचित वाकली होती, ती जव्हारच्या लेथवर सपाट करून आणली. नवी गॅस्केटं, नवे बोल्ट, झाकणाला नवं रबर. मधल्या वेळात चाचांच्या घरून भात आणि उडदाचं घट्ट वरण आलं. आमच्याकडे उडीद पापडात जातो. जेवणात त्याचा एवढा मान मी पहिल्यांदा पाहिला.

दुपारी सुधाकर आला. मी त्याला काही ऐकवलं नाही. उतरवलेला मॅनिफोल्ड त्याच्या हातात दिला, काजळी दाखवली, तुटकं रबर दाखवलं, आणि काल माझी काय अवस्था झाली ते सांगितलं. तो जुन्या रबराचा तुकडा हातात घेऊन उभा राहिला. म्हणाला, "मी त्याला सगळ्यांसमोर बोललो होतो." मग बाजूला जाऊन त्याने विक्रमगडला फोन लावला आणि येऊ नका म्हणून सांगितलं. काशिनाथजवळ जाऊन तो म्हणाला की मला आधी गाडी बघायला हवी होती, तुला नाही. काशिनाथने हातातलं फडकं घडी करून ठेवलं आणि बरं म्हणाला. दोघांचं तेवढ्यावर भागलं.

सुधाकर गेल्यावर काशिनाथ माझ्याजवळ आला. "मिस्त्री, एक काम होता," तो म्हणाला. "शेठला कळला, ता बरा झाला. पन माझ्या घरी याल का? बायकोला सांगाय पायजे. माझा ती नाय ऐकत."

चार घरं

सोमवारी आम्ही मुद्दाम दोन्ही काचा लावून चढलो. टाकी पूर्ण, गाडी दुसऱ्या गिअरवर, मागे धूर नाही म्हणावा इतका. वर पोहोचल्यावर काशिनाथने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे. दोघांचीही डोकी हलकी होती.

पाणी सोडून आम्ही त्याच्या घरी गेलो. पलीकडच्या टेकडीवरचा पाडा, गाडी खाली लावून वीस मिनिटं पायवाट. त्याची बायको मंजुळा अंगणात मोहाची फुलं वाळत घालत होती. मला बसायला खाट दिली, कोरा चहा दिला. काशिनाथला चहा दिला नाही. त्याचं अंथरूण बाहेर ओट्यावर गुंडाळून ठेवलेलं होतं, ते मला दिसलं.

मी सांगायला सुरुवात केली आणि लगेच अडखळलो. गॅरेजमधले शब्द इथे चालणार नव्हते. मग चुलीचं उदाहरण घेतलं. म्हटलं, घर बंद करून आत चूल पेटवली आणि धूर जायचं कौल बुजलेलं असलं, तर आतल्या माणसाचं काय होईल. ती म्हणाली, डोका चढेल, उलटी होईल. मी म्हटलं, त्याच्या गाडीत दोन-अडीच महिने तसंच चाललं होतं. ती चूल त्याच्या मांडीशेजारी होती. मीही त्या दिवशी तिच्याजवळ बसलो आणि मीही ओकलो. मी दारू पीत नाही.

मंजुळाने एकदाच नवऱ्याकडे पाहिलं. मग मला विचारलं, "आता नाय ना होनार?"

मी म्हटलं, आता नाही. आणि पुन्हा कधी झालं, तर त्याने गाडी थांबवायची आणि तिने त्याचं ऐकायचं.

ती उठून आत गेली. मला वाटलं, संपलं. पण ती बाहेर आली ती डोक्यावर पदर घेऊन. म्हणाली, "मी चार घरांत सांगलाय, माझा नवरा परत पितो. भावाच्या घरी बी सांगला. आता चार घरांत जाऊन परत सांगाय लागल. तुमी चला."

जव्हारला बायको जेवायची थांबली असेल, असं मनात आलं, पण नाही म्हणवेना. मंजुळा पुढे, मी मागे, आणि बऱ्याच अंतरावरून काशिनाथ. पहिल्या घरी मी सगळं सांगितलं, चुलीसकट. तिथे कोरा चहा झाला. दुसऱ्या घरी मी सुरुवात केली आणि शेवट मंजुळाने केला. पुन्हा चहा. तिसऱ्या घरातल्या बाईने मध्येच विचारलं, की मग गाडीची ताकद कशाने कमी झाली होती. मी टर्बोचं सांगू लागलो तर काशिनाथ दारातून म्हणाला, वारा फिरवायचा चाक असतो, त्याच्यापर्यंत वारा जात नव्हता. त्या दिवशी तो पहिल्यांदाच आपणहून बोलला.

चौथं घर मंजुळाच्या भावाचं. थोराड, गंभीर माणूस; त्याने काशिनाथला आत या म्हटलं नाही, मला म्हटलं. मी बसलो आणि बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात मंजुळाने मला हाताने थांबवलं. भावासमोर उभी राहून ती म्हणाली, "दादा, ऐक. गाडीचा बोल्ट मोडला होता. आतला विषारी धूर बाहेर जायाच्या जागी ह्याच्या नाकात जात होता. शिमग्यापासून. हा सांगत होता आनि आपन ऐकत नव्हतो."

भाऊ उठला, बाहेर गेला आणि अंगणात उभ्या असलेल्या काशिनाथला हाताला धरून आत घेऊन आला. मंजुळाने चहा ओतला. पहिला कप तिने नवऱ्याला दिला.